चौथाई वसूल करणारे कर्जबाजारी कसे?

प्रश्न : शाळेत शिकलो की मराठ्यांना दख्खनच्या सहा सुभ्यांची चौथाई आणि सरदेशमुखी मिळाली. पुढे माळवा, गुजरात, थेट बंगालपर्यंत वसुली पोहोचली. मग पेशवे सतत सावकारांपुढे हात पसरताना का दिसतात? आणि चौथाई म्हणजे नेमके काय? संरक्षणाचा मोबदला, की आजच्या भाषेतला हप्ता? (एक वाचक, सांगली)

उत्तर : दुसरा प्रश्न आधी घेतो, कारण पहिल्याची मेख त्यातच आहे.

चौथाई ही मुळात मराठ्यांची कल्पना नव्हे. दमणच्या शेजारच्या डोंगरपट्टीत रामनगर नावाचे एक लहान राज्य होते; तेच पुढे धरमपूर संस्थान झाले. दमण भागातल्या गावांच्या महसुलातला हिस्सा या रामनगरच्या राजाकडे जाई आणि पोर्तुगीज तो निमूटपणे देत. बदल्यात राजाने एवढेच पाहायचे की डोंगरातून उतरून कोणी गावे मारणार नाही. (उतरणारी माणसे बहुतेक त्याचीच असत, हे दोन्ही पक्षांना ठाऊक असावे.) पोर्तुगीज कागदांत त्याचे नावच 'चौथिया राजा' पडले. गोव्याचे संशोधक पांडुरंग पिसुर्लेंकर आणि बंगालचे सुरेंद्रनाथ सेन यांनी पोर्तुगीज दप्तरांतून ही हकीकत पुढे आणली. १६७२ मध्ये मराठ्यांनी रामनगर घेतले, आणि पुढे शिवाजी महाराजांची मागणी दमणला पोहोचली : राज्य आमच्याकडे आले, तेव्हा त्याचा चौथाईचा हक्कही आमच्याकडे आला.

आता तुमचा 'मोबदला की हप्ता' हा वाद. तो शंभर वर्षांहून जुना आहे. न्यायमूर्ती रानडे यांनी १९०० साली निघालेल्या आपल्या इंग्रजी ग्रंथात चौथाईची तुलना गव्हर्नर जनरल वेलस्लीच्या तैनाती फौजेशी केली. म्हणजे पैसे द्या, आम्ही तुमचे रक्षण करू, अशी ती व्यवस्था. जदुनाथ सरकारांना हे मुळीच मान्य नव्हते. त्यांच्या मते चौथाई देणाऱ्याची सुटका फक्त मराठ्यांच्या स्वारीपासून होई. तिसरा कोणी चालून आला तर मराठे धावून येतील, याची हमी तिच्यात नव्हती.

माझे मत विचाराल तर, कुठल्या सालची आणि कुठली चौथाई ते आधी सांगा. १७१९ मध्ये बाळाजी विश्वनाथ दिल्लीहून सनदा घेऊन आले. त्यांत शाहू महाराजांवर टाकलेल्या अटी वाचण्यासारख्या आहेत. चौथाईच्या बदल्यात पंधरा हजार घोडदळ बादशाही सुभेदाराच्या मदतीला ठेवायचे. सरदेशमुखीच्या बदल्यात मुलखाचा बंदोबस्त करायचा आणि चोर पकडायचे. आणि चोरीचा माल परत मिळवता आला नाही तर त्याची भरपाई करायची! हा कागद संरक्षणाचाच आहे. त्यातले शेवटचे कलम तर आजच्या कुठल्याही पोलीस खात्याला घाम फोडील.

उलट बंगाल घ्या. १७४२ पासून जवळजवळ दरसाल नागपूरकर भोसल्यांच्या स्वाऱ्या तिथे होत होत्या. इंग्रजांनी कलकत्त्याभोवती खंदक खणायला घेतला, तो याच भीतीने. अखेर १७५१ मध्ये बंगालचा नवाब अलिवर्दीखान याने रघूजी भोसल्यांशी तह केला : दरसाल बारा लाख रुपये चौथाई, आणि मराठ्यांनी सुवर्णरेखा नदी ओलांडायची नाही. बारा लाखांत बंगालने काय विकत घेतले, तर विकणाऱ्याचीच गैरहजेरी. याला मी हप्ताच म्हणेन. बंगाली आया आजही मुलांना झोपवताना 'बर्गी' म्हणजे मराठे स्वार आले असे गातात. आपल्या पाठ्यपुस्तकांत अटकेपार झेंडे असतात, पण हे नसते.

मात्र यात मराठ्यांना वेगळे काढून नाक मुरडण्याचेही कारण नाही. फ्रेडरिक लेन या अमेरिकन इतिहासकाराने व्हेनिसच्या व्यापाराचा अभ्यास करताना संरक्षण हीच एक विकाऊ वस्तू मानून हिशेब मांडला. चार्ल्स टिली यांनी १९८५ च्या एका निबंधात युद्ध करणे आणि राज्य उभारणे या दोन्ही गोष्टी सरळ संघटित गुन्हेगारीच्या पंगतीला बसवल्या. त्यांची उदाहरणे सगळी युरोपातली आहेत, राजेरजवाड्यांची आणि प्रतिष्ठितांची. धोका निर्माण करायचा आणि त्याच्यापासून वाचवण्याचे पैसे घ्यायचे, असेच बहुतेक राज्यांचे आरंभ झाले, असे त्यांचे म्हणणे. पुढे कोण टिकले आणि कोण बुडाले हे वसुलीपेक्षा जमाखर्चावर ठरले. इथे तुमचा पहिला प्रश्न येतो.

सहा सुभ्यांचा महसूल कागदोपत्री अठरा कोटी धरला होता. त्याची चौथाई म्हणजे चौथा हिस्सा साडेचार कोटी, आणि सरदेशमुखी म्हणजे दहावा हिस्सा एक कोटी ऐंशी लाख. हे आकडे ऐकून कोणालाही वाटेल की साताऱ्याच्या खजिन्यात रुपयांच्या राशी पडल्या असतील. पण ते आकडे चांगल्या दिवसांचे होते. औरंगजेबाच्या पंचवीस वर्षांच्या लढाईने दख्खनची राखरांगोळी झाली होती. गावेच्या गावे ओस होती. ओसाड गावाची चौथाई किती येणार?

शिवाय जे येई ते एका पेटीत पडत नसे. चौथाईचे शंभर रुपये आले तर त्यांतले पंचवीस ही राजाची 'बाबती'. सहा रुपये 'साहोत्रा' म्हणून पंत सचिवांचे. तीन रुपये 'नाडगौडा', राजा मर्जीने देईल त्याचे. उरलेले सहासष्ट म्हणजे 'मोकासा', आणि तो सरदारांचा, फौज पोसण्यासाठी. एकाच सरदाराचा मोकासा एकसलग मुलखात न ठेवता निरनिराळ्या परगण्यांत विखरून द्यायचा, म्हणजे कोणी डोईजड होणार नाही, अशी युक्ती होती. युक्ती चांगली होती. पण एका गावात चार हक्कदारांचे चार कारकून वसुलीला येऊ लागले, आणि दौलतीची खरी जमा किती हे पुणे-साताऱ्यात बसून कोणालाच कळेनासे झाले. सरदार जितका लांब, तितका त्याचा हिशेब उशिरा. नागपूर, बडोदे, इंदूर, उज्जैन इथून पुण्याला येणारा पैसा मागणी, विनवणी आणि धमकी या क्रमाने वसूल करावा लागे.

हे सुरुवातीपासून असे नव्हते. सभासद बखरीत शिवाजी महाराजांच्या लष्कराची जी पद्धत सांगितली आहे तीत पगार रोख आहे, गावे तोडून देणे नाही, आणि स्वारीत मिळालेली चीजवस्त सरकारात जमा करणे आहे. चिपळूणजवळ दळवटण्याच्या छावणीला महाराजांनी लिहिलेले पत्र सगळ्यांना माहीत असते ते रयतेच्या भाजीच्या देठासाठी. मला त्यातला गवताचा हिशेब जास्त मोलाचा वाटतो. पावसाळ्यासाठी साठवलेला दाणा-वैरण आताच उधळलीत तर ऐन पावसात घोडी उपाशी मरतील. मग तुम्ही कुणब्याच्या घरात शिराल, तो परागंदा होईल आणि मोगल बरे म्हणेल. म्हणून लागेल ते बाजारातून दाम देऊन घ्या. एवढे सांगून पत्र आणखी बारकाव्यात उतरते. गवताच्या गंजीजवळ चुली पेटवू नका, चिलमी ओढू नका, रात्री दिवा जळता ठेवू नका, कारण उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि सगळी वैरण खाक होईल. उंदरापर्यंत विचार करणारा राजा हा उत्तम खजिनदारही असतो. वैरण जळाली तर त्या वर्षीचा रोख पगार, घोडदळ आणि रयत सगळेच बुडते, ही साखळी त्याला दिसत होती.

राजाराम महाराजांच्या काळात ही पद्धत मोडली, आणि त्यांच्यापुढे दुसरा मार्गही नव्हता. ते जिंजीत अडकलेले, खजिना रिकामा, मुलूख मोगलांकडे. पगाराला पैसा नाही म्हटल्यावर वतने, इनामे, सरंजाम देणे भाग पडले. अजून जिंकायच्या मुलखांचीही आश्वासने गेली. त्या आश्वासनांवर सरदार लढले आणि राज्य वाचले. मात्र जे वाचले ते आधीच वाटले गेले होते. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात वतने-इनामे देण्याविरुद्ध इतके कळकळीने का लिहिले आहे, ते यावरून समजते. त्यांनी हे सारे स्वतः करून पाहिले होते.

आता पेशव्यांची मोहीम निघते कशी, ते पाहा. दसऱ्याला फौज बाहेर पडायची, आणि निघण्यापूर्वी शिलेदारांना 'नालबंदी' म्हणजे आगाऊ उचल द्यावी लागे. शिलेदार स्वतःचे घोडे घेऊन येणारा. बारगिराला घोडे सरकारचे. शिलेदाराचे भांडवल म्हणजे ते जनावर. ते मेले तर तो पुढच्या साली शिलेदार राहत नाही. म्हणून तो वेढे-चकमकी-पाठलाग यांत पटाईत, आणि समोरासमोर तोफांच्या तोंडी जायला नाखूश. त्याला भित्रा म्हणण्यापूर्वी त्याच्या घोड्याची किंमत पाहावी.

नालबंदीचा पैसा दसऱ्याला लागे आणि वसुली हाती येई ती उन्हाळ्यात, मोहीम साधली तर. मधले महिने सावकार भरून काढी. व्याज दरमहा शेकडा एक-दीड, वर 'मनोती' म्हणजे कर्ज देतानाच कापलेली रक्कम. सरकार नुसते सावकाराकडूनच घेत नसे. मामलतदाराला काम सांगतानाच त्याच्याकडून 'रसद' म्हणजे पुढच्या वसुलीपोटी आगाऊ रक्कम घेतली जाई. तो ती सावकाराकडून उचली. म्हणजे पीक शेतात असतानाच त्याचा सारा नर्मदेपलीकडे खर्ची पडलेला असे.

परिणामी थांबणे परवडेना. गेल्या सालचे कर्ज फेडायला यंदाची मोहीम, आणि यंदाच्या मोहिमेला नवे कर्ज. पहिल्या बाजीरावांसारखा लढाया न हरणारा सेनापतीसुद्धा ब्रह्मेंद्रस्वामी धावडशीकरांना लिहिताना देण्याच्या काळजीने काकुळतीला आलेला दिसतो. स्वामी गुरूही होते आणि धनकोही. १७४० मध्ये बाजीराव वारले तेव्हा याहून मासलेवाईक प्रकार घडला. त्यांचे एक मोठे धनको बाबूजी नाईक बारामतीकर पेशवेपदासाठीच उभे राहिले, रघूजी भोसल्यांचा त्यांना पाठिंबा. नाईकांचे बंधू बाजीरावांचे मेहुणे होते, म्हणजे प्रकरण घरातलेच. पद बाजीरावांचे पुत्र नानासाहेब यांना मिळाले. मग नाईकांनी थकलेल्या रकमेचा तगादा लावला, आणि पेशव्यांच्या विश्वासातल्या पुरंदऱ्यांनी पैसा उभा करून तो भागवला. पेशवाईवर सावकाराने दावा सांगावा, यावरून कर्जाचे वजन कळते.

चालत्या फौजेचे हे गणित बसलेल्या फौजेला लागू पडत नाही. १७६० च्या ऑगस्टात सदाशिवरावभाऊंनी दिल्ली घेतली. त्यांच्या कोठीत दमडी नव्हती. लाल किल्ल्यातल्या दिवाण-इ-खासचे चांदीचे छत उतरवून त्याचे रुपये पाडले, ते फौजेला काही दिवसच पुरले. नोव्हेंबरपासून लष्कर पानिपतला अडकले. अडीच महिने एका जागी. आसपास वसूल करण्यासारखा मुलूख नाही, दाणागोट्याची वाट अब्दालीने तोडलेली. रसद पाठवणारे गोविंदपंत बुंदेले डिसेंबरात मारले गेले. जानेवारीच्या चौदा तारखेला फौज उपाशीपोटी बाहेर पडली, हे सर्वांना ठाऊक आहे. त्यानंतरची एक गोष्ट मात्र वेगळ्या नजरेने पाहावी. फुटलेली मोत्ये आणि हरवलेल्या मोहरा, अशा सांकेतिक मजकुराची ती चिठ्ठी नानासाहेबांच्या हाती आली ती सावकारी टपालातून. दौलतीचा सर्वनाश झाल्याची बातमी दौलतीच्या आधी पेढीला लागली, कारण ज्यांचा पैसा गुंतला होता त्यांचे जासूद सर्वांत जलद होते.

माधवराव पेशव्यांनी बरीच सावरासावर केली. पण १७७२ मध्ये थेऊरला अखेरच्या दुखण्यात त्यांनी जी कलमे लिहवून घेतली, त्यांतही कर्ज वारण्याचा विषय आहेच.

प्रश्न : आमच्याकडे बडोद्याच्या जुन्या कागदांत अरबांच्या 'बांहेधरी'चा उल्लेख येतो. अरब शिपाई जामीन कसे राहत? (एक वाचक, वडोदरा)

उत्तर : फार चांगला प्रश्न. वरच्या सगळ्या गुंत्याचे टोक बडोद्यात दिसते.

गायकवाड सरकारला कर्ज हवे असे आणि सावकाराला सरकारचा भरवसा नसे. सरकारविरुद्ध फिर्याद कोणाकडे करणार? म्हणून सावकार सांगे, तुमचा शब्द नको, अरब जमादाराचा द्या. जमादार मध्ये पडून हमी घेई : पैसे परत मिळतील, आणि सावकाराच्या जिवाला-मालाला हात लागणार नाही. या हमीचा त्याला मोबदला मिळे. जमादाराच्या हाताखाली हत्यारबंद माणसे, शहराच्या दरवाजांवर त्याचेच पहारे. सरकारने वचन मोडले तर तो राजालाच वाड्यात कोंडू शके. त्यामुळे त्याच्या हमीला राजाच्या मोहरेपेक्षा अधिक किंमत.

गंमत पुढेच आहे. ते कर्ज मुख्यतः कशासाठी, तर याच अरबांचा आणि इतर शिबंदीचा थकलेला पगार देण्यासाठी. शिपाई स्वतःच्या पगारासाठी घेतलेल्या कर्जाला स्वतःच जामीन. पगार थकत राही तोवर त्यांना हलवता येत नसे, आणि ते हलत नाहीत तोवर पगार वाढत राही. १८०२ मध्ये मेजर वॉकर हे कंपनीचे रेसिडेंट तिथे आले आणि त्यांनी ही फौज कमी करण्याचे घेतले, तेव्हा अरबांनी आनंदराव गायकवाड महाराजांनाच ताब्यात ठेवले. डिसेंबरात वेढा पडला, शहर घेतले, अरबांचा थकलेला पगार चुकता करून त्यांना वाटेला लावले. त्यासाठी लागलेला पैसा? कंपनीचा आणि बडोद्याच्या पेढ्यांचा, पुन्हा कर्जच. आणि अरबांची बांहेधरी गेली ती कंपनीकडे. इथून पुढे सावकार, कामदार, खुद्द दिवाण 'आम्हाला इंग्रजांची हमी आहे' म्हणू लागले आणि बडोद्याच्या राजाला आपल्याच दिवाणाला दूर करणे जड जाऊ लागले. माझ्या मते बडोदे कंपनीच्या मुठीत गेले ते या जामिनकीने. वेढ्याच्या तोफा निमित्तमात्र होत्या.

प्रश्न : कंपनी सरकारही कर्ज काढूनच लढत होते, मग जिंकले तेच कसे? (पुण्याच्या एक वाचक)

उत्तर : होय, आणि थोडेथोडके नाही. वेलस्लीच्या सात वर्षांत कंपनीचे हिंदुस्थानातले कर्ज जवळजवळ दुप्पट झाले आणि १८०५ मध्ये त्याला परत बोलावण्यामागे हेही एक कारण होते. फरक कर्ज असण्या-नसण्यात नव्हता.

कंपनीपाशी बंगालचा महसूल होता, दरसाल ठरलेल्या तारखांना येणारा. त्यावर काशीच्या आणि सुरतेच्या पेढ्या हुंड्या देत, आणि बंगालचा पैसा मुंबईच्या फौजेपर्यंत कागदावरून येई. पुण्याकडे या काळात काय चालले होते? दुसऱ्या बाजीरावांनी गादीसाठी दौलतराव शिंद्यांना दोन कोटी कबूल केले. पैसा नव्हता, तेव्हा 'तुम्हीच शहरातून वसूल करा' म्हणून मोकळीक दिली. १७९८ मध्ये शिंद्यांच्या सर्जेराव घाटग्यांनी पुण्यातल्या सावकारांना, जुन्या मुत्सद्द्यांना वाड्यांतून ओढून आणून, तापल्या तोफांना बांधून पैसा काढला. चार वर्षांनी हडपसरच्या लढाईनंतर यशवंतराव होळकरांनी उरलेसुरले धुऊन नेले. ज्या शहराच्या पेढ्यांवर दौलत ऐंशी वर्षे चालली, तिथे आता कोण कर्ज देणार? पुढे १८०३-०४ मध्ये पाऊसही रुसला आणि पुणे-नगर भागात माणसे अन्नावाचून मेली.

खर्ड्याच्या लढाईचेही हेच. १७९५ मध्ये निजामाकडच्या थकलेल्या चौथाईसाठी ती झाली, विजय पक्का, तहात कोट्यवधी रुपये आणि मुलूख कबूल. त्याच साली सवाई माधवराव गेले, घरात भांडणे लागली आणि कबूल झालेले बहुतेक कागदावर राहिले.

मराठ्यांत एकाने मात्र नवे गणित ओळखले होते. महादजी शिंद्यांनी द बॉयन या सॅव्हॉयच्या सेनानीकडून कवायती पलटणी उभारल्या, आणि त्यांच्या खर्चासाठी दुआबातला कोइल-अलिगढकडचा सुपीक मुलूख खास तोडून दिला. जमा सरळ पलटणींच्या पगाराला. मध्ये कोणी नाही. पगार वेळेवर, म्हणून पलटणी जागच्या हलत नसत. तोफा तर इंग्रजांच्या तोडीच्या. पण हा मुलूख द बॉयनच्या, मग पेराँच्या हाती होता. १८०३ मध्ये लढाई तोंडावर येताच कंपनीने जाहीरनामा काढला : शिंद्यांच्या चाकरीतल्या युरोपियन अंमलदारांनी ती सोडावी, आम्ही पोटापाण्याची सोय करू. बरेच सोडून गेले. पेराँ स्वतः सप्टेंबरात इंग्रजांकडे गेला. रँडॉल्फ कूपर या अभ्यासकाने या मोहिमेवरच्या पुस्तकात सारा भर यावरच दिला आहे की ही लढाई मुख्यतः हिंदुस्थानातल्या लष्करी बाजारपेठेवर कोणाचा ताबा, याची होती. असई, लासवारीच्या लढायांत शिंद्यांच्या पलटणी ज्या तऱ्हेने उभ्या राहिल्या ते पाहता मला हे पटते. माणसे कमी पडली नाहीत. वरचे अंमलदार आणि खालचा पैसा, दोन्ही परक्याच्या हातात होते.

गव्हर्नर जनरलचा भाऊ, सेनापती आर्थर वेलस्ली याचा दुसरा हुकमाचा पत्ता म्हणजे बैल. म्हैसूरच्या अमृतमहाल जातीचे बैल टिपूच्या पाडावानंतर कंपनीकडे आले होते. बंजाऱ्यांचे तांडे त्याने पैसे देऊन बांधून घेतले आणि त्याच्या लष्कराबरोबर बाजार चाले. दळवटण्याच्या पत्रात जे 'दाम देऊन घ्या' आहे, ते सव्वाशे वर्षांनी इंग्रज सेनापती याच मुलखात करत होता, आणि मराठी फौजांमागे पेंढारी होते. पेंढाऱ्यांना पगार नाही. उलट लुटीतून ते सरदाराला 'पालपट्टी' देत. म्हणजे सरकार आपल्याच लुटारूंकडून कर घेत होते.

वसईच्या तहाबद्दल वेगळे लिहायला नको. ३१ डिसेंबर १८०२ रोजी बाजीरावांनी सहा हजार पायदळाच्या तैनाती फौजेसाठी सव्वीस लाखांचा मुलूख तोडून दिला. फौज त्यांच्या रक्षणाला, आणि तीच त्यांच्यावर नजर ठेवायला. रानड्यांची तुलना इथे अगदी चपखल बसते. दख्खनमध्ये एवढी मोठी चौथाई आता पेशवेच भरत होते.

प्रश्न : १८१८ नंतर लढाया संपल्या. मग रयतेला बरे दिवस आले असतील ना? (एक वाचक, बारामती)

उत्तर : लुटालूट थांबली, वाटा चालू झाल्या, हे खरे. बरे दिवस मात्र लगेच आले नाहीत.

फौज हे दख्खनचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक होते. ज्वारी, हरभरा, वैरण, घोडी, घोंगड्या, नाल, खोगिरे, सगळ्याला तिचीच मागणी. बाजीराव वर्षाला आठ लाखांची नेमणूक घेऊन बिठूरला गेले. हजारो शिलेदार आणि शिपाई गावी परतले. उत्तरेतून लुटीने, खंडणीने, हुंडीने येणारा रुपया थांबला. पडीक जमिनी पुन्हा नांगरल्या जाऊन धान्य वाढले, खाणारे लष्कर नाही, आणि कंपनीचा सारा मात्र रोख रुपयांत. १८२० नंतर भाव घसरत गेले. या घसरणीची कारणे अनेक आहेत आणि अभ्यासक त्यांचे वजन वेगवेगळे लावतात. पण लष्कर मोडणे हे त्यांतले एक, यात मला शंका नाही. युद्ध चालते तोवर कोण कोण जेवते, हे ते थांबल्यावर कळते. पुण्यातल्या पेढ्यांचेही तेच झाले. राज्यच नाही तर कर्ज कोणाला देणार? कित्येक पेढ्या बसल्या.

अशा वेळी प्रिंगल या मुलकी अंमलदाराने जमिनींची मोजणी करून सारा ठरवला. निव्वळ उत्पन्नाच्या शेकडा पंचावन्न सरकारचे, हे त्याचे सूत्र कागदावर फार शास्त्रीय होते. मोजणी मात्र सदोष, कारकून पैसे खाणारे, आणि दर पडत्या भावांत न झेपणारा. तुमच्या शेजारच्या इंदापूर तालुक्यातले कुणबी जमिनी टाकून निघून गेले, काही सरळ निजामाच्या मुलखात. १८३५ नंतर गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापूरपासूनच नवी मोजणी सुरू केली, सारा बराच उतरवला आणि तीस वर्षांसाठी बांधून दिला. तेव्हा कुठे पडीक राने पुन्हा लागवडीला आली.

पण सारा रोखीने आणि ठरल्या तारखेला द्यायचा, पीक साधो न साधो. तेव्हा कुणबी कर्जासाठी गावातल्या वाण्याकडे जाऊ लागला. पूर्वी सावकार पेशव्याला कर्ज देई आणि वसुलीची जोखीम फौज घेई. आता तो थेट कुणब्याला देऊ लागला आणि वसुलीला दिवाणी कोर्ट आले. १८७५ च्या मे महिन्यात तुमच्या जवळच्याच सुप्याला बाजाराच्या दिवशी लोक उठले, तेव्हा त्यांचा सगळा रोख कर्जरोख्यांवर होता. रोखे हाती लागले की जाळले. त्या दंग्यांवर कोणी विचारले तर पुढच्या खेपेला सविस्तर लिहीन.